स्कॉटलंडचे जमिनीचे निकाल : सरदारांच्या भानगडींपलीकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडमधल्या डग्लस खटल्यावरचा लेख वाचला. विषय मराठीत आला याचा आनंद झाला, पण लेख संपला तेव्हा हळहळ वाटली. पन्नाशीतली सरदारकन्या लेडी जेन, तिचं पॅरिसमधलं गुपचूप बाळंतपण, विकत घेतलेल्या मुलांचा आरोप हे सगळं चवीनं आलं आहे. न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता आणि तो कशावर सुटला, हे मात्र कुठेच नाही. शेवटी तर 'बड्या घराण्यांची घरगुती भांडणं' असं म्हणून विषय मिटवला आहे. चौतीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली केली, त्यातले बहुतेक दावे जमिनीचे. त्यामुळे हे वाक्य मला पटलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. तिचा मुलगा म्हणून वाढलेल्या आर्चिबाल्ड डग्लसला 'ड्यूकपद परत मिळालं' असं लेखात म्हटलं आहे. तसं झालं नाही. १७६१ मध्ये लेडी जेनचा भाऊ, ड्यूक ऑफ डग्लस, अपत्य नसताना वारला आणि ते ड्यूकपद त्याच्याबरोबरच संपलं. मार्क्विस ही पदवी हॅमिल्टन घराण्याकडे गेली. भांडण उरलं ते जमिनींचं. आणि ते ज्यांच्या नावानं चाललं ती दोघंही मुलंच होती. आर्चिबाल्ड तेरा वर्षांचा, तर हॅमिल्टनचा लहानगा ड्यूक जेमतेम सहा वर्षांचा. त्याच्या वतीनं त्याचे पालक लढत होते.

आता मुद्द्याचं. ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी ज्यूरीपुढे चौकशी होऊन आर्चिबाल्डची वारस म्हणून रीतसर नोंद झाली होती. म्हणजे दाव्यात तो काही मागायला आलेला नव्हता. झालेली नोंद रद्द करून मागत होते ते हॅमिल्टनवाले. वकिली केलेल्या कोणालाही इथेच पहिला प्रश्न पडेल : शाबितीचा भार कोणावर? लेडी जेन आणि तिचा नवरा कर्नल जॉन स्टुअर्ट यांनी या मुलाला जन्मापासून आपलं म्हटलं, वाढवलं, चारचौघांत मिरवलं. १७५३ मध्ये लेडी जेन गेली. १७६४ मध्ये मरणशय्येवरून स्टुअर्टनंही तेच शपथेवर सांगितलं. आईबापांनी असं पत्करलेलं मूल त्यांचं नाही हे सिद्ध करायचं, की मुलानं आपण त्यांचेच आहोत हे सिद्ध करायचं? सगळा खटला या एका खिळ्यावर टांगलेला होता, आणि लेखात नेमका तोच नाही.

हॅमिल्टनांची बाजू पोकळ होती असं मी म्हणत नाही. त्यांच्या वकिलानं, अँड्र्यू स्टुअर्टनं, पॅरिस पिंजून काढलं. थोरला मुलगा एका काच कारागिराचा आणि धाकटा एका दोरीवरच्या कसरतवाल्याचा, असा पुरावा त्यानं उभा केला. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरची म्हणून दाखवलेली पत्रं कर्नलनं स्वतःच बनवल्याचं उघडकीला आलं. खोट्या पत्रांनी खरी बाजूसुद्धा कशी बुडते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जुलै १७६७ मध्ये एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशनच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाच्या, पंधरा न्यायाधीशांनी एकेक करून आपापलं मत मांडलं. सात विरुद्ध सात झालं, आणि लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे मुख्य न्यायाधीश, रॉबर्ट डंडास यांच्या निर्णायक मतानं आर्चिबाल्ड हरला. फेब्रुवारी १७६९ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं अपिलात हा निकाल फिरवला. एडिंबरात लोकांनी दिवे लावले आणि ज्या घरांत दिवा दिसला नाही त्यांच्या खिडक्या फोडल्या.

लेखात हा निकाल फिरण्याचं श्रेय लोकक्षोभाला दिलं आहे. पण दंगल निकालानंतरची! निकालाला कायद्याचा भक्कम आधार होता : आईबापांनी पत्करलेलं नातं तोडायचं तर पुरावा निर्विवाद हवा, संशय कितीही दाट असला तरी पुरत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आर्चिबाल्डच्या बाजूनं बोललेले न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या भाषणाबद्दल मात्र मी वेगळं बोलेन. इतक्या थोर कुळातली बाई असं करणारच नाही, या धर्तीवर त्यांनी भर दिला. हे कारण मला तेव्हाच्या न्यायाला शोभणारंही वाटत नाही. कुळ बघून साक्ष तोलायची तर काच कारागिराच्या बायकोनं कोणाकडे पाहायचं? निकाल योग्य, पण त्याला दिलेलं हे एक कारण लंगडं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे एडिंबराला तीन महिने होते. तिथल्या कोर्ट ऑफ सेशनच्या पार्लमेंट हॉलमध्ये जाऊन आले. १६३० च्या दशकात बांधलेलं ओकच्या लाकडाचं उंच छत, आणि दक्षिणेकडे रंगीत काचांची भलीमोठी खिडकी. १५३२ मध्ये पाचव्या जेम्स राजानं हे न्यायालय स्थापन केलं, तो प्रसंग तिच्यात चितारला आहे. खाली काळ्या झग्यातले वकील आजही जोडीजोडीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत असतात, चालता चालता बोललेलं तिसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून. आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकाराला खांबाआड नेऊन बोलायची मी, त्याची आठवण झाली आणि तिथे बराच वेळ उभी राहिले.

डग्लस खटला गाजला म्हणून सगळ्यांना ठाऊक. पण त्या आधीच्या दोन शतकांतले जमिनीचे निकाल वाचले की कळतं, खरी लढाई कागद आणि वहिवाट यांच्यात होती. स्कॉटलंडमध्ये जमीन नुसत्या खरेदीपत्रानं मिळत नसे. 'सेझिन' नावाचा विधी करावा लागे. देणाऱ्याचा माणूस प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन घेणाऱ्याच्या हातात त्याच जमिनीची माती आणि दगड ठेवी. साक्षीदार उभे असत आणि नोटरी त्याचा दस्त लिहून घेई. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. एडिंबराच्या किल्ल्यापुढच्या मैदानावर एक पाटी आहे, ती मी वाचली. आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कॉशियात जमिनी मिळालेल्या सरदारांना समुद्रापार न जाता तिथेच माती हाती घेता यावी, म्हणून किल्ल्याचा तेवढा तुकडा नोव्हा स्कॉशियाचा मानला गेला! मातीच्या ढेकळाशिवाय मालकी नाही, इतका तो विधी पक्का होता.

१६१७ साली दोन कायदे झाले. मला ते डग्लस खटल्याहून मोठे वाटतात. पहिल्यानं सेझिनच्या दस्ताची साठ दिवसांत सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची केली. नोंद नसेल तर तो दस्त तिऱ्हाइताविरुद्ध चालणार नाही. कोणाची जमीन, कोणाचा बोजा, हे कोणालाही पाहता यावं ही त्यामागची दृष्टी, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती फार पुढची होती. दुसरा कायदा चाळीस वर्षांचा. लेखी सनद आणि सेझिनच्या आधारावर चाळीस वर्षं बिनतक्रार वहिवाट असेल, तर त्या मालकीला पुढे आव्हान नाही. ऐकायला न्याय्य वाटतं. पण अट नीट वाचा : लेखी सनद हवीच. नुसती वहिवाट, मग ती चार पिढ्यांची का असेना, उपयोगाची नाही.

कागद ज्यांच्याकडे नव्हता त्यांचं काय झालं, हे लेखात यायला हवं होतं. १५९७ मध्येच उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या आणि बेटांवरच्या जमीनदारांना फर्मान निघालं होतं की १५ मे १५९८ पर्यंत आपापल्या सनदा हजर करा. लुईस बेटाच्या मॅक्लाउडांनी त्या हजर केल्या नाहीत आणि त्यांचं बेट फाइफ परगण्यातल्या भांडवलदारांना देऊन टाकलं गेलं. त्याच डोंगराळ मुलखातल्या लोखाबरमध्ये आर्केग सरोवराच्या काठची जमीन कॅमेरन घराण्याची मंडळी पिढ्यानपिढ्या कसत होती, पण कागदावरचा हक्क शेजारच्या मॅकिंटॉश घराण्याचा. तीनशेहून अधिक वर्षं हा तंटा चालला. शेवटी १६६५ मध्ये, दोन्हीकडची माणसं शस्त्रं घेऊन समोरासमोर उभी असताना तडजोड झाली. कॅमेरनांच्या नायकानं ७२,५०० मर्क मोजायचं कबूल केलं. मर्क म्हणजे स्कॉटिश पौंडाचा दोन तृतीयांश. आपल्या आजोबा-पणजोबांनी कसलेली जमीन त्यांना विकत घ्यावी लागली.

त्याच भागातल्या केपोखच्या मॅकडोनल्डांना तेही जमलं नाही. मेंढीच्या कातड्यावरच्या सनदेनं नव्हे, तलवारीनं जमीन राखतो, अशी त्यांच्या नायकाची भूमिका सांगतात. १६८८ मध्ये मलरॉयच्या लढाईत त्यांनी मॅकिंटॉशांचा पाडाव केला. सनद मात्र मॅकिंटॉशांकडेच राहिली, आणि पुढे केपोखवाले त्याच जमिनीवर मॅकिंटॉशांची कुळं म्हणून खंड भरत राहिले. लढाई जिंकूनही. घरगुती भांडण म्हणून हे सोडून देता येईल का?

आणि सरदारांनी स्वतःसाठी काय केलं? १६६२ मध्ये व्हायकाउंट स्टॉरमाँटच्या प्रकरणात न्यायालयानं मान्य केलं की जमीन विकू नये, तिच्यावर कर्ज काढू नये अशी अट मूळ दस्तातच घातली असेल, तर सावकारांनाही तिला हात लावता येणार नाही. १६८५ मध्ये त्याचा कायदाच झाला. १७७६ पर्यंत देशातली एक पंचमांशाहून जास्त, कदाचित एक तृतीयांशाहूनही जास्त जमीन अशी बांधली गेल्याचा अंदाज अ‍ॅडम स्मिथ यांनी मांडला. वर ज्यांचं नाव आलं ते लॉर्ड मॅन्सफिल्ड याच स्टॉरमाँट घराण्यातले. उलट गावाच्या सामाईक माळांसाठी १६९५ मध्ये जो कायदा झाला, त्यानं कोर्ट ऑफ सेशनमध्ये दावा लावून माळ वाटून घेण्याची सोय केली आणि वाटे ठरवले मालकांच्या जमिनीच्या महसुली आकारणीवरून. ज्याच्या नावावर जमीनच नाही, फक्त माळावर एखादी गाय चरते, त्याच्या वाट्याला काही नाही. गायरानासाठी झगडणाऱ्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

स्कॉटिश कायद्यानं गरिबाकडे कधी पाहिलंच नाही असंही नाही. १४४९ चा एक छोटासा कायदा आहे. जमीन कसणाऱ्या गरीब लोकांच्या भल्यासाठी म्हणून तो केला, असं त्यातच लिहिलं आहे. जमीन विकली गेली तरी पट्ट्यानं कसणाऱ्याला मुदत संपेपर्यंत नव्या मालकानं उठवायचं नाही. पाचशे सत्तर वर्षांहून अधिक काळ तो टिकून आहे. ज्यांना पट्टा होता ते यामुळे वाचले. ज्यांच्याकडे मालकाचा नुसता शब्द होता, ते वाचले नाहीत.

एडिंबरात प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला रॉबर्ट अ‍ॅडमनं आराखडा केलेली रजिस्टर हाउसची देखणी इमारत आहे, देशाची दप्तरं ठेवण्यासाठी उभारलेली. ती बांधायला १७६५ मध्ये १२,००० पौंड मंजूर झाले ते बंडखोर जमीनदारांच्या जप्त केलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून. त्या पायऱ्यांवर उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या तालुक्याचं अभिलेख कक्ष आलं. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि फेरफाराची नक्कल मिळेपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहिलेली म्हातारी माणसं.

आपल्याला एवढीच विनंती आहे. डग्लस खटल्यावर पुन्हा लिहिलं गेलं तर शाबितीच्या भाराचा मुद्दा त्यात यावा. आणि केपोख किंवा आर्केगच्या तंट्याला पुरवणीत एखादं पान मिळावं. एडिंबरातल्या वाचनालयात बसून मी काढलेली टिपणं माझ्याकडे आहेत. आपल्या लेखकाला हवी असतील तर पाठवून देईन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त दिवाणी वकील,
सातारा