काळ्या द्राक्षांचा रंग सालीतच तयार होतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेला पंधरवडाभर फोंड्याच्या बाजारात काळ्या द्राक्षांना कुणी हात लावत नाही. माझ्या नेहमीच्या फळवालीकडे शनिवारी सकाळी अकरा वाजले तरी दोन पेट्या तशाच बंद होत्या. शेजारच्या टोपलीतली हिरवी द्राक्षे मात्र संपत आली होती. मी विचारले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आले. "टीचर, रंग लावन म्हाका कितें मेळटलें?" (रंग लावून मला काय मिळणार?) एवढेच ती म्हणाली.

गिऱ्हाइकांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली आहे. काळी द्राक्षे खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकतात, पाणी निळसर हिरवे होते, आणि हा द्राक्षांना लावलेला कापडाचा रंग सुटला असे सांगितले जाते. आपल्या दैनिकातही वाचकांच्या सूचनांमध्ये हीच 'घरगुती चाचणी' छापून आली, म्हणून हे पत्र. मी तीस वर्षे बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवले. या चाचणीने लावलेला रंग ओळखता येत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

त्याच शनिवारी मी त्या फळवालीकडून अर्धा किलो काळी आणि पाव किलो हिरवी द्राक्षे घेतली. काळ्या मण्याची साल नखाने सोलली. आतला गर फिकट हिरवा, जवळजवळ पारदर्शक. रंग सगळा सालीत, तोही सालीच्या बाहेरच्या मोजक्या पेशीथरांत. साली वाटीत चुरडून थोडे पाणी घातले तर जांभळट लाल रस निघाला. अर्ध्या वाटीत चिमूटभर सोडा टाकताच तो निळा, मग हिरवट झाला. लगेच त्यात लिंबू पिळले. फेस आला, आणि रस पुन्हा लाल झाला. सोडा घालून तसाच ठेवलेला रस मात्र तासाभरात मळकट पिवळसर झाला, कारण सोड्यासारख्या अल्कलीत (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात) हे रंगद्रव्य फार काळ टिकत नाही.

या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. आम्लात ती लाल दिसतात, अल्कलीत निळी. सालीत त्यांच्याबरोबर फ्लेव्होनॉल नावाची फिकट द्रव्ये असतात, ती अल्कलीत पिवळी होतात. निळ्यात पिवळे मिसळले की हिरवे, चित्रफितीतला 'कापडाचा रंग' तो हाच. कारखान्यात तयार होणारे बहुतेक खाद्यरंग सोडा आणि लिंबू यांच्यामध्ये असे मागेपुढे होत नाहीत. म्हणजे पाणी हिरवे झाले, ही द्राक्षाचा रंग अस्सल असल्याचीच खूण. आख्खा, न फुटलेला मणी पाण्यात फारसा रंग सोडत नाही. देठाशी फाटलेल्या किंवा वाटेत दबलेल्या मण्यांतून तो सुटतो, आणि घाट उतरून आपल्यापर्यंत पोचलेल्या पेटीत असे मणी असतातच.

गोव्यातल्या बायकांना तर हे सांगावे लागू नये. सोलां, म्हणजे कोकमाची सुकवलेली साले, भिजवलेल्या वाटीला साबण लागला की लाल डाग निळसर होतो, हे आपण रोज मोरीत पाहतो. कोकमाचा रंग सायनिडिन नावाच्या अँथोसायनिनचा. सोलकढीत नारळाचा रस पडला की आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, लाली जांभळटाकडे झुकते, त्यामागेही आम्लता कमी होणे हेच कारण. सोलकढीला आपण कधी भेसळ म्हटले नाही.

द्राक्षात अशी रंगद्रव्ये मुख्यतः पाच: सायनिडिन, पिओनिडिन, डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्विडिन. फ्लेम सीडलेससारख्या तांबूस जातींत पहिल्या दोघांचा भर असतो. गडद काळ्या जातींत बहुधा माल्विडिन वरचढ. रेणूतल्या एका वलयावर ऑक्सिजनचे गट वाढत गेले की छटा निळीकडे सरकते. गुलाबी, तांबडे, जांभळे, काळे हे सगळे वेगवेगळे रंग म्हणजे याच पाच जणांचे कमीजास्त प्रमाण.

मला स्वतःला सगळ्यात थक्क करते ते हिरवे द्राक्ष. हिरवी द्राक्षे काळ्यांपासूनच निपजली. साखरेचा एक रेणू जोडून रंगद्रव्य पक्के करणारे एक विकर (एन्झाइम) असते. ते बनवा, असा हुकूम देणारी दोन जनुके द्राक्षाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. 2004 साली जपानी संशोधकांनी दाखवले की हिरव्या जातींत त्यातल्या एका जनुकाच्या तोंडाशीच एक उडता जनुक, म्हणजे जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, येऊन बसला आहे. त्यामुळे हुकूमच निघत नाही. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातून दुसऱ्या जनुकातला बिघाडही पुढे आला. दोन्ही बंद पडली तरच द्राक्ष हिरवे राहते. याची उलटी गोष्टही घडलेली आहे. इटालिया नावाच्या हिरव्या जातीच्या वेलावर ब्राझीलमध्ये एका फांदीला तांबडे घड लागले. तिथे तो उडता तुकडा बहुतेक निघून गेला होता, थोडासा मागे उरला होता, आणि रंग परत आला. त्या फांदीपासून झालेल्या जातीला रुबी ओकुयामा म्हणतात. त्या फांदीला कुणी ब्रश लावला नव्हता.

आमच्या घरामागच्या मांडवावर मी नाशिकहून आणलेली काळ्या द्राक्षाची काडी लावली होती. तिसऱ्या वर्षी एप्रिलात पाच घड आले. मण्यांत पाणी उतरले, पण एकाच घडात काही मणी जांभळे, काही विटकरी, काही हिरवेच. काडी खोटी निघाली असे समजून मी तो वेल उपटायला लावला. पुढे वाचनात आले की रात्रीही उकाडा राहिला तर साल रंग धरत नाही. 35 अंशांच्या आसपास तयार झालेले अँथोसायनिनही मोडू लागते. फोंड्याच्या एप्रिलात वेलाला यापेक्षा वेगळे काही जमणे शक्यच नव्हते. त्याच्यावर मी अन्याय केला, आणि आज तसाच अन्याय बाजारातल्या बाईवर होताना बघवत नाही.

भेसळ पकडणारे रसायनशास्त्र आहेच, पण ते असे. आपल्याकडे पोर्ट म्हणून विकली जाणारी गोड वाइन ज्या बंगळूर ब्ल्यू द्राक्षांपासून करतात, त्या जातीत अमेरिकी द्राक्षाचे रक्त आहे. अमेरिकी वंशाच्या द्राक्षांत माल्विडिनला साखरेचे दोन रेणू जोडलेले सापडतात, तर युरोपीय जातींत एकच. त्यामुळे युरोपात वाइनमध्ये दोन साखरांचे माल्विडिन सापडले की संकरित द्राक्ष मिसळल्याचा संशय घेतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, वाटीभर सोडा पुरत नाही.

मण्यांवरची पांढुरकी भुकटी सहसा औषधाची नसते, सालीनेच तयार केलेले ते मेण असते. रंग चांगला यावा म्हणून काही बागाईतदार इथेफॉन फवारतात, हे खरे आहे. तो रंग नव्हे, वेलात संप्रेरक सोडून त्याला रंग तयार करायला लावणारे ते रसायन. फवारण्यांचे अवशेष ही वेगळी आणि रास्त काळजी आहे. ते अन्न व औषध प्रशासनाने नमुने घेऊन तपासावेत, निकाल छापावेत. मीही ते वाचीन. पण ते अवशेष हिरव्या द्राक्षांवरही असू शकतात, आणि सोड्याने पाणी हिरवे होण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

माझी विनंती दोन ओळींची आहे. ज्या जागी ती सूचना छापली त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत, ती चुकीची होती असे छापावे. आणि पुन्हा अशी चाचणी आली तर छापण्याआधी कुठल्याही महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाला एक फोन करावा. येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी सोडा, लिंबे आणि चार काचेचे पेले घेऊन त्या फळवालीच्या टोपलीशेजारी बसणार आहे. आपला प्रतिनिधी पाठवावा. नव्वद पैशांचा सोडाही लागणार नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा