क्वार्टरबॅकची अचूकता घडवता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतील अमेरिकन फुटबॉलविषयीच्या लेखात ‘क्वार्टरबॅकची अचूकता उपजत असते, ती शिकवून येत नाही’ असे विधान ठामपणे केलेले आहे. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन सहकाऱ्यांकडे चेंडू फेकणारा खेळाडू. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे सामने मी बरीच वर्षे मनापासून पाहत आलो आहे आणि हे विधान मला मान्य नाही. उपजत देणगीचा वाटा मोठा असतो हे खरेच. पण अचूकतेचा जो भाग शिकवता येतो तो मुळीच किरकोळ नाही, आणि तो वाया जातो तेव्हा दोष बहुधा खेळाडूपेक्षा त्याच्या संघाचा असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जोश ॲलनचे आहे. वायोमिंग विद्यापीठाकडून खेळताना त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण होत, म्हणजे सहकाऱ्याकडून झेलले जात, त्यामुळे २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत) बफलो बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले तेव्हा अनेक जाणकारांनी नाके मुरडली होती. पहिल्या मोसमात त्याची टक्केवारी ५२.८ होती, दुसऱ्यात ५८.८ झाली आणि २०२० मध्ये ती ६९.२ वर गेली. त्याच वर्षी स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, संघात आला आणि त्याने त्या मोसमात १२७ झेल घेतले, तेव्हा सगळे श्रेय प्रशिक्षकांना देणे रास्त होणार नाही. पण ब्रायन डेबॉल हा एकच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक) सुरुवातीपासून सलग चार मोसम ॲलनच्या पाठीशी होता आणि मोसमांमधल्या सुट्टीत ॲलन जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅककडे फेकीची घडण सुधारत होता, या दोन गोष्टी वगळून ही झेप समजून घेता येत नाही.

प्रशिक्षक नेमके काय सुधारतो, हे लेखात यायला हवे होते. पास सुटतो हातातून, पण त्याची दिशा बरीचशी पायांवर ठरते. पुढचा पाय गरजेपेक्षा लांब पडला, की शरीराचे वजन मागेच राहते, चेंडू वरच्या बाजूला सुटतो आणि रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. तोच पाय लक्ष्याला आडवा पडला, तर कंबर पुरती वळत नाही आणि सगळी फेक एकट्या खांद्याला ओढून न्यावी लागते. हे दोष चित्रफितीत स्पष्ट दिसतात आणि रोजच्या सरावाने बरेच कमी होतात. दुसरा भाग वेळेचा. सॅन फ्रान्सिस्को संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी क्वार्टरबॅकची मागे जाणारी पावले रिसीव्हरच्या धावण्याशी बांधून दिली होती: तीन किंवा पाच पावले पुरी होताच चेंडू कुठे जायचा, हे आधीच ठरलेले असे. टँपा बेमध्ये निम्म्याहून थोडेच अधिक पास पूर्ण करणारा स्टीव्ह यंग १९८७ मध्ये त्यांच्या संघात आला आणि त्याच पद्धतीत मुरत जाऊन १९९४ मध्ये ७०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचला.

उलट बाजूही पाहावी. २००५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या ॲलेक्स स्मिथच्या संघाने पहिल्या चार मोसमांत चार वेगवेगळे कोऑर्डिनेटर आणले, म्हणजे दरवर्षी नवी परिभाषा, नव्या चाली आणि नवे वेळापत्रक. २०११ मध्ये स्वतः क्वार्टरबॅक राहिलेले जिम हार्बो मुख्य प्रशिक्षक झाले आणि स्मिथची टक्केवारी त्या वर्षी ६१.३, तर पुढच्या वर्षी ७०.२ झाली. मधल्या वर्षांत त्याला ‘वाया गेलेला’ म्हणून हिणवले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

मर्यादा आहेतच. टिम टीबोची चेंडू खाली नेऊन मग वर आणणारी लांबलचक फेक आखूड करण्याचे प्रयत्न २०१० च्या ड्राफ्टआधीपासून झाले, तरी २०११ मध्ये डेन्व्हरकडून त्याचे ४६.५ टक्केच पास पूर्ण झाले. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली सवय बचावपटू अंगावर येताच उफाळून येते, आणि तेवढ्या दडपणात टिकेल अशी नवी सवय लावणे प्रत्येकाच्या बाबतीत साधत नाही.

शेवटी मोजमापाबद्दल. वळून आत धावणाऱ्या रिसीव्हरच्या वीतभर मागे पडलेला पास त्याने हात मागे नेऊन झेलला, तर आकडेवारीत तो ‘पूर्ण’ ठरतो. मात्र त्याचा वेग तुटतो, बचावपटू त्याला गाठतो आणि पुढचे दहा यार्ड हातचे जातात. याउलट अचूक पास रिसीव्हरच्या हातून निसटला, तर तो क्वार्टरबॅकच्या नावावर ‘अपूर्ण’ म्हणून जमा होतो. शिवाय १९७० च्या दशकात निम्म्याच्या जरा वर असलेली लीगची सरासरी आता ६५ टक्क्यांच्या आसपास आहे, ज्यात आखूड पासांचा आणि १९७८ पासून बचावपटूंवर आलेल्या निर्बंधांचा हात मोठा आहे. एनएफएल आता खेळाडूंच्या खांद्यावरील कवचात आणि चेंडूत बसवलेल्या चिपच्या आधारे प्रत्येक पास पूर्ण होण्याची अपेक्षित शक्यता काढते. यापुढे आपल्या पुरवणीत एखाद्या क्वार्टरबॅकची टक्केवारी छापताना हा अपेक्षित आकडाही शेजारी द्यावा, तसेच त्याचे प्रशिक्षक किती वेळा बदलले तेही नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक