थायरॉईडच्या टीएसएच ०.०२ ला हिरवा टिक कुणी दिला?

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवलाय, पाचवा.

मार्चमध्ये तुमचा माणूस मंगळवार पेठेत घरी येऊन आबांचं रक्त घेऊन गेला, सीनियर सिटीझन फुल बॉडी पॅकेज, आबा ७४ चे. ॲपवर आलं 'सर्व नॉर्मल', हिरवा टिक, आम्ही निर्धास्त. आणि इकडं माणूस वाळत चाललेला, रंकाळ्याला अख्खी फेरी मारणारे आबा गंगावेशीतच टेकायला लागले, तांबड्या रश्शाची वाटी तशीच सरकवायचे, आम्ही म्हणायचो वय झालं, आई गेल्याचं मनाला लागलंय. जुलैत धडधड सुरू, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हार्टचे ठोके वेडेवाकडे. त्यात हार्टमध्ये गुठळी होऊन लकवा मारू शकतो हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही हार्टचं पण पॅकेज विकता.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, थायरॉईड केलंय का? तुमचीच फाईल काढली. पान ११, टीएसएच ०.०२, शेजारी तुम्हीच छापलेली रेंज ०.४ ते ४. ना बोल्ड, ना बाण. डॉक्टर म्हणाले तरण्या माणसाचा थायरॉईड वाढला की हात थरथरतात, घाम फुटतो, म्हाताऱ्यात बऱ्याचदा उलटं, गप्प बसतात, खात नाहीत, गळ्याला सूज पण दिसत नाही, कधी कधी नुसते ठोकेच बिघडतात. म्हणजे बाहेरनं कळत नाही, कागदावरच कळतं. आणि कागदाला तुमचा हिरवा टिक!

आता आजचा फोन. मॅडमनी नऊ मिनिटं होल्डवर ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, टीएसएच कमीच आलंय ना, मग चांगलंय की, जास्त असतं तर प्रॉब्लेम." मी म्हटलं, अहो, टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉईडला दिलेली ऑर्डर, थायरॉईड आपलाआपणच जादा हार्मोन सोडायला लागला की वरनं ऑर्डर बंद होते, म्हणून आकडा खाली जातो. हे मी सांगायचं, लॅबला! तर म्हणतात, "ओके सर, पण सिस्टीममध्ये नॉर्मल दाखवतंय." वर पुढच्या पॅकेजवर २० टक्के डिस्काउंट देऊ का विचारतात. आबांचे चार महिने गेले त्याचं किती टक्के धरलंय?

टिक कुणी दिला, रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरनी पान ११ बघितलं का, हे लेखी पाहिजे. आठ दिवसांत आलं नाही तर ग्राहक आयोगात भेटू, फाईल तयारच आहे.

आबांना कार्बिमाझोल, थायरॉईड आवरायची गोळी, सुरू झालंय, सहा आठवड्यांनी रक्त परत तपासायचंय. तुमचा माणूस पाठवू नका. ॲपवर कालच रिमाइंडर आलाय, 'आबांची तपासणी ड्यू आहे', हसरा चेहरा टाकून.