मुद्देमाल कारकुनाची मुलगी

घाटकोपर, मुंबई
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "ऐरोलीची नोकरी सोडून पोलिसांच्या मागे कशाला लागलीस? मी 32 वर्षं लागलो होतो." आणि फोन आईकडे दिला. तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, मी पोलिसात जात नाहीये. मादाम कामा रोडवरच्या न्यायसहायक विज्ञान संस्थेत कॉम्प्युटर आणि कायदा दोन्ही एकत्र शिकतेय. वर्गात काही कॉम्प्युटरवाले, काही वकील. आम्हाला कलमं कळत नाहीत, त्यांना हार्ड डिस्क. एकतिसाव्या वर्षी पहिल्या बाकावर बसायला लाज वाटते, पण मागून फळा दिसत नाही. (चष्म्याचा नंबर वाढलाय, आई. ओरडू नकोस.)

सुरुवातीलाच 'हॅश' शिकवलं. जप्त केलेल्या डिस्कमधली सगळी माहिती एका ठरलेल्या गणितातून काढायची, की शेवटी आकडे-अक्षरांची एक ओळ हाती येते. एसएचए-256 पद्धतीत ती 64 अक्षरांची असते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पार वेगळी येते. जप्तीच्या वेळची ओळ आणि कोर्टातली ओळ जुळली, तर मध्ये कुणी ढवळाढवळ केलेली नाही. सर हे समजावत होते आणि मला तुमची मुद्देमाल सील करायची लाख दिसत होती. मेणबत्तीवर वितळणारी, वर पितळी शिक्का, खाली सुतळीची गाठ आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. डबा घेऊन मी स्टेशनात यायचे तेव्हा तुमच्या बोटांना तोच वास असायचा. "सील फुटलं की केस फुटली," असं तुम्ही म्हणायचात. मी मात्र शाळेत सांगितलं होतं, की बाबा पार्सलं बांधतात.

मूळ डिस्क आम्ही कधी नुसती उघडत नाही. मध्ये 'राइट ब्लॉकर' लावतो, म्हणजे वाचता येतं पण आत काही लिहिलं जात नाही. मग हुबेहूब नक्कल काढायची आणि काम त्या नकलेवर करायचं. फोन असेल तर सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत टाकायचा. तुमच्या वेळी मुद्देमालाच्या कोठडीतला गांजा उंदीर खायचे, आता कुणीतरी लांब बसून फोनमधली माहिती पुसून टाकतं.

मागच्या आठवड्यात सीसीटीव्हीचा सराव होता. मी झटपट फुटेज काढलं आणि खूश झाले. सरांनी विचारलं, "यंत्राचं घड्याळ बरोबर होतं का?" ते 17 मिनिटं पुढे होतं आणि मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणजे माझा आरोपी गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडेच होता, असं कोणताही वकील म्हणू शकला असता. नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण अशी चूक तिथे चालून जायची. कोर्टात त्या 17 मिनिटांवर माणूस सुटतो किंवा अडकतो.

जालन्याच्या निवडणुकीची केस तुम्ही पेपरात वाचली असेल, खोतकर-गोरंट्याल. उमेदवारी अर्ज 3 वाजायच्या आत आला की नंतर, हे ठरवायला निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण होतं. पण अशा डिजिटल पुराव्यासोबत लागणारं, तो अस्सल असल्याचं प्रमाणपत्र मागूनही मिळेना. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर हे प्रमाणपत्र लागणारच. मात्र ज्याने मागायची शिकस्त केली, त्याला दुसऱ्याच्या चालढकलीची शिक्षा नको. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा कायदा, आलाय. त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात ही हॅशची ओळच लिहावी लागते, आणि तज्ज्ञाचीही सही लागते. ती सही करण्याच्या लायकीचं व्हायचंय मला, बाबा. झडतीचं चित्रीकरणही आता कायद्याने करावं लागतं. पंच फितूर होतात म्हणून तुम्ही किती चिडायचात!

आई, त्या खोट्या 'मुंबई क्राइम ब्रँच'च्या व्हिडिओ कॉलनंतर तू दोन दिवस जेवली नाहीस, हे मला काकूंकडून कळलं. "डिजिटल अरेस्ट" असं कायद्यात काही नाही. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी पैसे तर मुळीच मागत नाहीत. चुकून कधी पैसे गेलेच, तर लाजू नकोस, लगेच 1930 ला फोन कर. तासाभरात ते पैसे चार-पाच खात्यांतून पुढे सरकतात, तोवर अडवता आले तरच. बाकी बाबांनी फोन हातात घेऊन "आधी बक्कल नंबर सांग" म्हटल्यावर त्या भामट्याने कॉल कट केला, हे मी अख्ख्या वर्गाला सांगितलंय.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात मला लॅपटॉप जप्तीचा पंचनामा मराठीत लिहून द्यायचाय. माझी भाषा ऑफिसच्या ईमेलसारखी होते, "सदरहू" कुठे घालायचं तेसुद्धा कळत नाही. मसुदा उद्या स्पीड पोस्टाने पाठवतेय, समासही सोडलाय. लाल पेनाने दुरुस्त करून द्या, आणि दया दाखवू नका.

तुमची,
बेबी