सोळा तासांचा उपास आणि पोटाचे म्हणणे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ‘सोळा-आठ’च्या उपासावर, म्हणजे सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांतच खाण्यावर, वरचेवर लेख येतात. वजन, साखर, इन्सुलिन यांबद्दल त्यांत भरभरून असते. पोटाच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना मात्र हा उपास जड जातो तो पोटापायीच.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे दुपारी डबे उघडतात तेव्हा कित्येकींच्या पोटात आदल्या रात्रीपासून काही नसते. पहाटे उठून घरच्यांचे डबे भरायचे, त्यात दोनदा कोरा चहा, गुडघ्याची गोळीही उपाशीपोटीच. मग मधल्या सुटीत घाईघाईने पोळी, उसळ, भात, चटणी, सगळे एकदम. पुढच्या तासाला वर्गावर जाताना पोटाला अशी तडस लागते की परकराची नाडी सैल करावी लागते. रात्री नऊला पुन्हा पोटभर जेवण, आणि आवराआवर झाली की लगेच अंथरूण. मग छातीत जळजळ, घशाशी आंबट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते असे रोज घडते.

जठर रिकामे असले तरी त्यात आम्ल पाझरतच असते. त्यावर चहा-कॉफी पडली की अनेकांची जळजळ वाढते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तर जठराच्या अस्तराला इजा करू शकतात. या वयात कुणाला गुडघ्याची, कुणाला लोहाची, कुणाला साखरेची गोळी चालू असतेच. त्यांतली कुठली जेवणासोबत घ्यायची, हे उपास सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाते.

बद्धकोष्ठाचेही तसेच. सकाळी पोटात काही गेले की मोठे आतडे हलू लागते; न्याहारी बंद झाली की तो इशाराच मिळत नाही. जेवणे दोनवर आली की पालेभाजी कमी होते, पाणीही कमी पडते. रजोनिवृत्तीच्या आसपास अनेकींचे पोट आधीच मंदावलेले असते, त्यात ही भर.

म्हणून तासांचा हट्ट धरू नये असे मला कळकळीने वाटते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2022 साली चीनमधल्या 139 स्थूल व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी सारखेच मोजून-मापून कमी खाल्ले. त्यांतल्या निम्म्यांनी ते फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत. वर्षभराने दोन्ही गटांचे वजन उतरले आणि त्यांत लक्षणीय फरक नव्हता. शिवाय त्यांची वेळ दिवसाउजेडी होती. आपल्याकडे मात्र न्याहारी सोडून रात्रीचे जेवण राखले जाते. ऑटोफॅजीवरच्या, म्हणजे पेशी आपलेच टाकाऊ भाग मोडून पुन्हा वापरतात त्या क्रियेवरच्या, संशोधनासाठी जपानी शास्त्रज्ञ ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळाले हे उपासाची भलामण करणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डमध्ये असते. त्यांचे मूळ काम यीस्टच्या पेशींवरचे होते, हे कुणी लिहीत नाही.

पोट कुरकुरत असेल तर बारा तासांवर यावे. सकाळी थोडे खाऊन निघावे, संध्याकाळी सातपर्यंत जेवावे, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. घरच्यांची पाने साडेनऊला वाढायची असतात, हे मलाही चुकलेले नाही. पण आपले पान आधी वाढून घेतले म्हणून काही बिघडत नाही. उपास सोडताना आधी मऊ मुगाची खिचडी किंवा वरण-भात, सोसत असेल तर ताक; उसळ, कच्ची कोशिंबीर नंतर, थोडी थोडी. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याची खिचडी इथे उपयोगाची नाही.

एक विनंती. यापुढे या विषयावर लेख छापाल तेव्हा सोबत पोटविकारतज्ज्ञांकडून एक चौकट लिहून घ्यावी. काळी शौचास होणे, घास अडकणे, वारंवार उलट्या, कारण नसताना वजन घटणे ही लक्षणे दिसली तर अँटासिड घेत थांबू नये. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याकडे गेली तर पित्ताशयातील खड्यांची शंका घ्यावी. झपाट्याने वजन उतरताना ते होण्याचा धोका वाढतो. आणि छातीत दडपण, दम, घाम, जबड्यात दुखणे याला ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. हे सगळे त्या चौकटीत ठळक अक्षरांत यावे.

आपली,
एक शिक्षिका, सातारा