फोन तांदळात आहे

चेंबूर, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. रात्री पावणेबाराला हिंजवडीच्या सिग्नलला अडकून पाठवलेला, मागे हॉर्न कोकलतायत आणि तू म्हणतोयस की यार देवळात जाऊन उभा राहिलो तरी डोक्यात उद्याची मीटिंगच चालू असते, तू कसा काय शांत झालास ते सांग. मेसेजवरच उत्तर द्यायला घेतलं तर अंगठा दुखायला लागला आणि तरी काही सांगितल्यासारखं वाटेना, म्हणून लॅपटॉप उघडून पत्रच टाईप करतोय. लांबेल. चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे मी शांत वगैरे झालेलो नाही. कालच पाण्याच्या टँकरवरून वॉचमनवर ओरडलोय, मग रात्री त्याला चहा पाजून सॉरी म्हटलं. पण काहीतरी हललंय हे खरं, बायकोच्याही लक्षात आलंय, ती म्हणते हल्ली तू जेवताना ताटाकडे बघतोस.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. २० तारीख होती, म्हणजे आम्हा अकाउंट्सवाल्यांची जीएसटीची तारीख, आणि आदल्या रात्रीपासून क्लायंटचे आकडे जुळत नव्हते. सकाळी अंघोळ करून पूजेला बसलो, कानात ब्लूटूथ, पलीकडून साहेब बोलतायत आणि मी एका हाताने विठोबाला गंध लावतोय. आमची ती पितळेची मूर्ती तुला आठवत असेल, लालबागच्या खोलीत फळीवर असायची तीच, अप्पांनी पंढरपूरहून आणलेली, पुसून पुसून नाक झिजलेलं. तर साहेब काहीतरी म्हणाले आणि मी सरळ मूर्तीकडे बघून म्हणालो, "ओके सर, नोटेड." मागे आई वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "त्याला कशाला सर म्हणतोस, तो काय तुला पगार देतो?" मग जरा थांबून, "तसं बघितलं तर देतो म्हणा."

हसलो तेव्हा. ट्रेनमध्ये बसल्यावर (बसल्यावर कसलं, लटकल्यावर) आठवेना की नैवेद्य दाखवला का आपण. खरंच आठवेना रे, अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट. ऑफिसला पोचून घरी फोन केला तर आई म्हणते, दाखवलास की, पण साखरेच्या जागी रांगोळीची वाटी ठेवलीस.

हे मी लोकांना विनोद म्हणून सांगतो आणि लोक हसतातही. पण तुला म्हणून सांगतो, त्या दिवशी फोन ठेवल्यावर वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो होतो. अप्पा मिलमधून रात्रपाळी करून यायचे, अंगावर कापसाची कुसं, डोळे लाल, तरी चप्पल काढली की आधी त्या फळीसमोर हात जोडून उभे राहायचे. मिनिटभर, जास्त नाही. मग अंघोळ, मग झोप. ८२ च्या संपात पगार बंद झाला, घरात भांडी विकायची वेळ आली, पण ते मिनिट बंद झालं नाही. आणि माझ्याकडे एसी ऑफिस, आणि देवाला रांगोळी.

मग मी काय केलं तर जे आपण सगळे करतो ते, मोठा प्लॅन. पहाटे पाचचा अलार्म, तो नऊ दिवस टिकला. मेडिटेशनचं ॲप, ते दर दोन तासांनी टिंग वाजवून "श्वास घ्या" सांगायचं, मला तर वाटायचं आणखी एक साहेब वाढला. मग दिवाळीनंतर रजा टाकून इगतपुरीला विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स केला. तो मात्र मनापासून चांगला वाटला हं, पहिल्या दिवशीच फोन जमा, पहाटे चारला घंटा, कोणाशी बोलायचं नाही, नजरेने खुणासुद्धा नाहीत, फी पण काही घेत नाहीत, शेवटी द्यायचं तर दान द्या. तिथे जप, मंत्र काही करायचा नाही असा नियम आहे, नुसतं श्वासाकडे आणि मग अंगातल्या संवेदनांकडे बघायचं, आणि माझं बघ, तोंड बंद असलं तरी आत आपोआप रामकृष्णहरी चालू. लहानपणापासूनची सवय, ती काय दहा दिवसांत जाते. मी सोडून द्यायचा प्रयत्न करायचो आणि ते पुन्हा यायचं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे, आपल्या आत हे अजून आहे म्हणजे, कोणीतरी गीझरचा पायलट, ती बारकी ज्योत, चालू ठेवून गेल्यासारखं.

परत येताना कसाऱ्याला फोन चालू केला, ९०० च्या वर मेसेज. कल्याण येईपर्यंत मी पुन्हा होतो तसा. त्यांचा दोष नाही, ते सांगतातच की घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, मीच बसलो नाही.

आता खरी गोष्ट. जानेवारीत आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही पण गुडघा धरला, रात्री ठणका लागायचा. रोज झोपताना तेल लावून शेकायचं असं ठरलं. बायकोची शाळा सकाळची, तिला लवकर झोपायला लागतं, म्हणून ती ड्युटी माझ्याकडे आली. खरं सांगतो, पहिले चार दिवस कपाळावर आठ्या घालून केलं. तेल कोमट करायचं, खाली चटईवर बसायचं, आईचा पाय मांडीवर घ्यायचा, आणि तेवढ्यात फोन वाजायचा, मग तेलकट हाताने उचलायचो, स्क्रीनवर बोटं सरकायची, भलत्यालाच कॉल लागायचा. पाचव्या दिवशी आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला, लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यात खुपसून झाकण लावून आली. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "तूच म्हणतोस ना भिजलेला फोन तांदळात ठेवला की सुकतो, मग हा पण भिजलेलाच आहे. राहू दे तासभर."

तेव्हापासून रोज साडेनऊला फोन तांदळात.

आई पाय चोळून घेताना हरिपाठ म्हणते. पुस्तक लागत नाही तिला, सगळा पाठ आहे, कुठे थांबायचं तेही पाठ, मध्येच "जरा खाली, पोटरीला" म्हणते आणि पुन्हा त्याच शब्दापासून उचलते. मी आधी नुसता ऐकायचो, म्हणजे ऐकायचो पण नाही, डोक्यात ७ तारखेचा टीडीएस. बघ ना, माझ्या महिन्याला ७, ११ आणि २० अशा तीन तारखा असतात आणि तिच्या महिन्याला दोन एकादश्या, एकाच घरात दोन कॅलेंडरं. मग कधीतरी धृपदाला मीही म्हणायला लागलो, कधी ते सांगता येणार नाही. आणि एका रात्री, फेब्रुवारी असेल, मला एकदम जाणवलं की डोक्यात काही नाहीये. घरात लाईट जातात तेव्हा फ्रीजचा आवाज थांबतो आणि मग कळतं की इतका वेळ तो घरघरत होता, अगदी तसं. समोर आईची नडगी, त्यावरची ती सैल, चकचकीत कातडी, तेलाचा वास, शेजारच्या कुकरची शिट्टी, आणि आत काहीच नाही. रिकामं नाही पण. म्हणजे कोणीतरी होतं. मला देव दिसला वगैरे म्हणणार नाही, तू मला ओळखतोस. पण खोलीत कोणीतरी बसलंय आणि त्याला कसलीच घाई नाही, असं. कुकरची वाफ जायला लागते तेवढा वेळ टिकलं असेल. मग आई म्हणाली, "पुंडलिका, आता डावा पाय." आणि मी हसलो आणि ते गेलं.

पुंडलिकाची गोष्ट आपण चाळीतल्या कीर्तनात शंभर वेळा ऐकलीय, तू तर झोपायचास. देव दारात आला आणि हा आई-बापाची सेवा करतोय, बिझी माणूस, मागे वळायलाही वेळ नाही, वीट भिरकावली आणि म्हणाला थांब त्यावर. आणि तो थांबला. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात, कमरेवर हात ठेवून उभाच आहे. लहानपणी मला वाटायचं पुंडलिक केवढा मोठा. आता वाटतं, विटेवरच्याचं काय, त्याला राग नाही, रिमाइंडर नाही, "अजून किती वेळ?" नाही. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की मी त्याला शोधायला जायचं आणि त्यासाठी मला वेळ काढायला लागेल, आणि वेळ तर नाही. अरे पण वाट तर तो बघतोय.

यात स्वतःची सोय पण बघू नये म्हणा. पुंडलिक आई-बापाचे पाय चेपत होता, मी एक्सेल शीट चेपत होतो. दोन्ही कामंच, पण देवाला वीट फेकायचा अधिकार एक्सेलवाल्याला मिळतो का याबद्दल मला शंका आहे.

हरिपाठाची सुरुवातच देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्यापासून होते. क्षणभर. तासभर म्हटलेलं नाही. पण हेही विसरता येत नाही की चोखोबा जन्मभर दारातच उभे राहिले कारण आत येऊ देत नव्हते, त्यांची समाधीही पंढरपूरला महाद्वारासमोर बाहेरच आहे, आणि ते देऊळ सगळ्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. अप्पा प्रत्येक वारीत आधी चोखोबांपुढे डोकं टेकायचे, मग नामदेव पायरी, मग आत. म्हणायचे, दारात उभं राहणं काय असतं ते त्यांना विचारावं, आपण हौसेने उभे राहतो.

बाकी दिवसाचं म्हणशील तर फार काही नाही. सकाळी ट्रेनमध्ये चेंबूर ते वडाळा कानात काही घालत नाही. टिळकनगर, कुर्ला, चुनाभट्टी, जीटीबी, वडाळा. कुर्ल्याला जी गर्दी आत येते तिच्यात छातीतून श्वास निघत नाही, नाम कुठून निघणार, पण जमेल तसं मनात म्हणतो. वडाळा गेलं की मेल उघडतो, मेल बघणं पाप नाहीये. आणि शनिवारी परत येताना वडाळ्याला उतरून विठ्ठल मंदिरात जातो. प्रतिपंढरपूर म्हणतात ना तेच, आषाढीला आपण रात्री रांगेत उभे होतो आणि तुझी चप्पल गेली होती. साध्या शनिवारी विशेष गर्दी नसते. खांबाला टेकून बसतो, काही मागत नाही असं लिहिणार होतो पण खोटं कशाला, लेकीची सीईटी आहे, मागतोच. मागून झालं की मात्र उठायचं नाही, थोडं बसायचं, हे शिकलोय. आधी मी काउंटरवर काम झाल्यासारखा उठून निघायचो.

आणि बरेचदा काहीच होत नाही बरं का. बसतो, पाय आखडतो, कोणीतरी पोराला घंटा वाजवायला उचलतं आणि ते पोर पंधरा वेळा वाजवतं, मी उठतो. हिशोब ठेवणं माझा धंदा असल्यामुळे सुरुवातीला मी याचाही हिशोब ठेवायचो, आज किती मिनिटं शांत. ते सोडलं. एकदा लेकीला घेऊन शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. लांबून वाटतं काय ध्यान लावून उभे आहेत, वरून अटल सेतूवर गाड्या धावतायत आणि यांना पत्ता नाही. तिने दुर्बीण दिली तर सगळे चिखलात चोच उलटी घालून एकसारखे खातायत, क्षणाची उसंत नाही. तेही कामावरच होते.

तुला सल्ला देत नाही, तुझं ऑफिस वेगळं, तुझी माणसं वेगळी. काका गेल्यापासून तू थांबलाच नाहीस हे मला दिसतंय, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तू लॅपटॉप उघडलास, मी काही बोललो नाही, बोलायला हवं होतं. रात्री हरिपाठ संपला की आई पाच-सहा नावं घेते, अमक्याला सुखी ठेव, तमक्याचं ऑपरेशन नीट होऊ दे. तुझं नाव त्यात आहे, तिच्या यादीत तू अजून "समोरचा बंडू" आहेस.

पुढच्या शनिवारी ये. डेक्कन क्वीनने आलास तर सकाळी साडेदहा-अकराला सीएसएमटीला उतरशील, मी अर्धा दिवस टाकतो, इराण्याकडे ब्रून मस्का खाऊ आणि संध्याकाळी वडाळा. देवळात मी तुझ्याशी बोलणार नाही, तूही बोलू नकोस. रात्री घरीच राहा. आईसाठी बाकरवडी आण, तिला तेलकट बंद केलंय, थोडीच आण.

येणार असशील तर साडेनऊच्या आधी फोन कर. नंतर वाजेल, पण मला ऐकू येणार नाही.

तुझाच,
समोरच्या खोलीतला