थुंकीची नळी भरण्याआधी

अंबाजोगाई

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या शिबिरात अर्ध्या किमतीत मिळालेलं, थुंकीवरून आजारांचा धोका सांगणारं डीएनए किट अजून भरलं नसशील, तर हे वाच आणि मग ठरव.

नळीत रेघेपर्यंत, साधारण २ मिली थुंकी लागते. वरचा फेस धरायचा नाही. आधी अर्धा तास पाणीसुद्धा नको, नाहीतर थुंकी पातळ होते आणि नमुना बाद होऊ शकतो. झाकण दाबलं की आतलं रसायन उतरतं, त्यामुळे डीएनए महिनोन्‌महिने टिकतो. मग चाचणी झाल्यावर उरलेल्या थुंकीचं काय, हे आधी विचारायला हवं.

संमतीच्या अर्जात चार गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असू शकतात: चाचणी, उरलेला नमुना ठेवणं, संशोधनासाठी वापरणं आणि तिसऱ्याला देणं. फक्त पहिलीला हो म्हण. बाकी चौकटींत आधीच खूण असली तर काढ. खातं बंद केलं म्हणून नळी नष्ट होईलच असं नाही, त्यासाठी वेगळं लिहून माग. नष्ट केल्याचं उत्तर ईमेलवर घे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं असं लिहिलंय खरं, पण तोवर जे वापरून झालं ते परत येत नाही. रिपोर्ट तुझ्या खासगी ईमेलवर माग, ऑफिसच्या नको.

पासवर्डही नवा ठेव. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या अशाच डीएनए चाचणीच्या कंपनीत २०२३ साली चोरांनी उघडली ती सुमारे १४ हजार खाती, कारण लोकांनी दुसरीकडचेच पासवर्ड तिथेही वापरले होते. पण ‘नातेवाईक शोधा’ या सोयीमुळे माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, मग साठवलेली माहिती कोणाच्या हाती जाणार हा प्रश्न आलाच. आणि ही माहिती तुझ्या एकटीची नसते. दादाचा साधारण निम्मा डीएनए तुझ्याशी जुळतो, चुलत भावंडांचा आठवा हिस्सा. सही तू एकटी करणार, म्हणून दादाला तरी आधी विचार.

एवढं करून हाती काय येतं? अशा चाचणीत प्रयोगशाळेतली चिप बहुधा डीएनएच्या ३ अब्ज अक्षरांतल्या ६-७ लाख जागा वाचते. ‘धोका आढळला नाही’ याचा अर्थ तेवढ्याच जागांपुरता.

लग्नाआधी खरंच उपयोगी चाचणी हवी असेल तर ती साधी आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत २-३ मिली रक्त, त्यावर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी). त्यातला एचबी ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा वाहक असण्याची शंका घेतात. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली येतो आणि वाहक सुटू शकतो. आपल्याकडच्या मुलींत रक्तक्षय नवीन नाही, म्हणून फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) बघून घे. नुकतंच रक्त चढवलं असेल तर थांबायचं. वाहक स्वतः आजारी नसतो. दोघंही वाहक असले तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याचा २५ टक्के धोका. तेव्हा चाचणी दोघांची व्हावी आणि रिपोर्ट दोघांनीच बघावा. बायोडाट्यासोबत मध्यस्थाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही, मग मामा कितीही आग्रह करोत. धाकटीचंही स्थळ त्याच फोटोवर अडेल.

‘आज सही केली तरच सूट’ असं म्हणाले तर बीडच्या ऊसतोड बाया आठव. २०१९ च्या सरकारी समितीला तपासलेल्या ८२ हजारांवर बायांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली; ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून होकार घेतल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं. अर्ज घरी आण, रात्री वाच, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारून मला फोटो पाठव.

किट परत करायचं ठरलं तर नळीचं सील फोडू नकोस. आणि एचपीएलसीला उपाशी जावं लागत नाही, नाश्ता करून जा.

तुझी आई